तीच ही गाडी

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत बहुधा देवळांच्या संदर्भात येतो, आणि जे जीर्ण झाले आहे त्याला पडझडीतून वर काढून पुन्हा उभे करणे असा त्याचा अर्थ होतो. या अर्थाच्या पोटात एक गृहीत आहे: जे जीर्ण झाले होते तेच पुन्हा उभे राहते. जुने पाडून त्या जागी नवे बांधणे याला या अर्थाने जीर्णोद्धार म्हणता येत नाही. परंतु शिखराचे दगड बदलले, मंडपाचे खांब बदलले, गाभाऱ्याची एक भिंत नव्याने रचली, तर ‘तेच’ म्हणून जे उरते ते नेमके कशात उरते, हा प्रश्न त्या गृहीताबरोबरच उभा राहतो. भारतीय दर्शनांनी तो घट, पट आणि रथ यांच्या उदाहरणांवर शतकानुशतके तपासला. आजच्या काळात तो ज्या वस्तूंच्या बाबतीत रोज नव्याने हाताला लागतो, त्यांपैकी एक म्हणजे घरच्या गॅरेजमध्ये, हौसेने आणि स्वतःच्या हातांनी, वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहणारी जुनी, गंजलेली जपानी स्पोर्ट्स कार.

अशा गाड्यांमध्ये डॅटसन 240 झेडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. निसान कंपनीने ऑक्टोबर 1969 मध्ये जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावाने ही दोन आसनांची गाडी आणली, आणि परदेशात, विशेषतः अमेरिकेत, ती डॅटसन 240 झेड म्हणून विकली गेली. नावातला आकडा 2.4 लिटरच्या, एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या एंजिनाचा आहे. लांबलचक बॉनेट, मागे उतरत गेलेले छप्पर आणि सामान्य पगारदाराच्या आवाक्यातली किंमत यांमुळे ती अमेरिकेत विलक्षण लोकप्रिय झाली, आणि तिथे निसानचा कारभार पाहणाऱ्या युताका काटायामा यांचे नाव या गाडीशी कायमचे जोडले गेले. तिच्यातला एकच दोष तिच्या चाहत्यांना आजही पुरून उरतो, आणि तो म्हणजे गंज.

हा गंज वरवरचा नसतो, याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. ट्रकमध्ये खाली जाड पोलादी तुळयांची चासी असते आणि वरचा सांगाडा तिच्यावर बसवलेला असतो. 240 झेडची रचना मोनोकॉक प्रकारची आहे. म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याचे भाग घड्या घालून, पेट्यांसारखे पोकळ करून आणि शेकडो ठिपक्यांच्या वेल्डिंगने एकमेकांना सांधून जो देह तयार होतो, तोच गाडीचा भार वाहतो. कातडी आणि हाडे एकच असल्यामुळे कातडीचा रोग थेट हाडांचा होतो. काचेखालच्या जाळीतून पाणी आणि पालापाचोळा आत जातो, निचऱ्याची वाट बुजते आणि पाणी पायांखालच्या पत्र्यावर उतरते. तिथे आवाज दाबण्यासाठी कारखान्यातच डांबराचे थर चिकटवलेले असतात, आणि त्यांच्याखाली ओल वर्षानुवर्षे मुरत राहते. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की लोखंडाचे तांबूस, भुसभुशीत ऑक्साइड होते, आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ ही क्रिया वेगाने घडवते. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा पातळ थर धातूचे रक्षण करतो, पण लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, सांधे फुगवून उकलतो, पापुद्र्यांनी गळतो आणि प्रत्येक पापुद्र्यामागे नवे लोखंड उघडे टाकतो.

अशी गाडी दुरुस्त करायला घेतली की फ्लोअरचा पत्रा नवा येतो, दाराखालच्या पोकळ तुळया, ज्यांना सिल म्हणतात, त्या नव्या येतात, पुढचे फेंडर, बॅटरीखालचे तबक, रबरी पट्ट्या, ब्रेकच्या नळ्या, काचा आणि रंगही नवा येतो. कधी एंजिनही दुसऱ्या गाडीचे असते. काम संपल्यावर ती हौशी व्यक्ती गाडीकडे बोट दाखवून ‘हीच ती’ म्हणते. हे विधान खरे आहे का, आणि खरे असेल तर कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उत्तर वाहनाच्याच उदाहरणातून दिलेले आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव दिल्यामुळे महाराष्ट्राला ही जोडी परकी नाही. आपण रथातून आलो असे राजा सांगतो, तेव्हा नागसेन विचारतो की दांडा म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, की या सर्वांहून वेगळे असे काही रथ आहे. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या भागांच्या आधाराने वापरलेले ‘रथ’ हे एक नाव आहे, एक व्यवहार आहे. सातव्या शतकात बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने मध्यमकावतार या ग्रंथात हीच चिकित्सा सात बाजूंनी केली: रथ भागांहून वेगळा नाही, भागांशी एकरूप नाही, भागांचा मालक नाही, तो भागांत नाही, भाग त्याच्यात नाहीत, तो भागांची निव्वळ रास नाही आणि त्यांचा आकारही नाही.

या चिकित्सेची धार मान्य करूनही तिच्याविषयी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. नागसेनाचा रथ दाराशी धडधाकट उभा आहे. त्याचे भाग मनाने सुटे केलेले आहेत, हातांनी नव्हे. मनाने सुटा केलेला रथ पुन्हा जोडायला श्रम पडत नाहीत. गॅरेजमधली गाडी मात्र खरोखरच सुटी झालेली असते, तिचे नटबोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांत भरलेले असतात, आणि तिथे ‘नाव फक्त व्यवहारापुरते आहे’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता कापायचा हे त्या नावाकडे पाहूनच ठरवावे लागते.

नैयायिकांनी याच्या उलट बाजू घेतली. न्यायदर्शनानुसार भाग म्हणजे अवयव, आणि त्यांच्यापासून उत्पन्न होणारी पण त्यांच्याहून वेगळी, एक आणि खरी अशी वस्तू म्हणजे अवयवी. अवयवी आपल्या अवयवांत समवाय नावाच्या अतूट संबंधाने राहतो. अवयवी खरा कशावरून, याच्या समर्थनार्थ न्यायसूत्रांत धारण आणि आकर्षण यांचा आधार घेतला आहे: वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, आणि वस्तू म्हणजे सुट्या परमाणूंची रास असती तर असे झाले नसते. ही युक्ती तर्कग्रंथात वाचताना काहीशी साधी वाटते, पण गाडीखाली जॅक लावताना तिचा अर्थ अंगावर येतो. शाबूत गाडीच्या सिलखाली एका बिंदूवर जॅक लावून दांडा फिरवला की हजार किलोंच्या आसपास वजनाची ती गाडी त्या बाजूने एकसंध वर उचलली जाते; दार, छप्पर, काच, सगळे त्या एका बिंदूच्या मागोमाग येते. गंजलेल्या गाडीखाली तोच जॅक लावला तर आधी खरखर ऐकू येते, तांबड्या भुग्याची धार जमिनीवर सांडते, आणि जॅकचे डोके पत्र्यातून वर घुसते. गाडी मात्र जागची हलत नाही. भाग सगळे जागेवर आहेत, आकार डोळ्यांना पूर्ण दिसतो, चंद्रकीर्तीच्या सातही पर्यायांत काहीही बदललेले नाही, तरी काहीतरी नाहीसे झालेले आहे. एक भाग धरल्याने सगळे धरले जाणे, हेच ते.

भाष्यकार वात्स्यायनाने या युक्तीवर स्वतःच शंका घेतली, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूड हेही एकत्र ओढले जातात, पण म्हणून त्यांची एक वस्तू होत नाही. तेव्हा धारण आणि आकर्षण चिकटपणाचेही फळ असू शकते, असा त्या शंकेचा आशय आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात या शंकेचे प्रत्यंतर रोज येते. गंजाचे भोक जाळी आणि पुट्टी भरून बुजवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि वर चकचकीत रंग मारायचा, हा दुरुस्तीचा देखावा म्हणजे लाखेचे जोडकामच आहे. जाणकार माणूस लहानसे लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवतो. पोलाद असेल तिथे ते चिकटते, पुट्टी असेल तिथे गळून पडते. चिकटणे आणि एक होणे यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण भार आला की कळतो.

न्याय-वैशेषिकांच्या सिद्धांतात मात्र जीर्णोद्धाराच्या दृष्टीने एक कठीण जागा आहे. अवयवी अवयवांवर इतका अवलंबून असतो की एक अवयव जरी गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो. वस्त्रातून एक धागा निघाला की पूर्वीचे वस्त्र संपते आणि उरलेल्या धाग्यांपासून खंडपट नावाचे दुसरे वस्त्र उत्पन्न होते. हे काटेकोरपणे मानले तर पहिला गंजका बोल्ट काढला त्याच क्षणी जुनी गाडी संपली, आणि पुढची पाच वर्षे ज्या गाड्यांवर काम झाले त्या सगळ्या एकापाठोपाठ जन्मलेल्या आणि विरलेल्या वेगळ्या गाड्या होत्या. मग ‘हीच ती’ या प्रत्ययाचे काय? पूर्वी पाहिलेल्या वस्तूची पुन्हा ओळख पटणे याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि ‘तोच हा देवदत्त’ हे तिचे ठरीव उदाहरण. बौद्धांनी तिच्यावर असा आक्षेप घेतला की कापल्यावर पुन्हा वाढलेले केसही ‘तेच’ वाटतात आणि दिव्याची ज्योत रात्रभर तीच वाटते. साम्य पाहून मन एकत्वाचा निर्वाळा देते, म्हणून ओळख पटणे हा एकत्वाचा पुरावा नव्हे. हा आक्षेप योग्य आहे. त्याच वर्षाची, त्याच रंगाची दुसरी 240 झेड शेजारी आणून उभी केली तर मालकाची प्रत्यभिज्ञाही चुकू शकते.

जैन आचार्यांचा मार्ग मधला आहे. प्रत्येक वस्तूत उत्पत्ती, नाश आणि ध्रुवपणा हे तिन्ही एकाच वेळी असतात असे ते मानतात, आणि समंतभद्राने आप्तमीमांसेत दिलेले त्याचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट केला की घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो, आणि ज्याला सोनेच हवे होते तो समभावाने राहतो. हे उदाहरण सुंदर आहे, पण गाडीच्या बाबतीत ते उलटे होते. तिथे आकार टिकतो आणि द्रव्य जाते. शिवाय सोने आपोआप नासत नाही, पोलाद नासते. ज्या द्रव्याच्या ध्रुवपणावर भिस्त ठेवायची तेच इथे पापुद्र्यांनी गळत असते.

म्हणून उत्तर द्रव्यात नाही, निव्वळ आकारात नाही आणि ओळख पटण्यातही नाही. ते नैयायिकांच्या त्याच धारणाच्या कल्पनेत शोधावे लागते, मात्र तिला काळाच्या दिशेने थोडे ताणून. एका क्षणी एक भाग धरला की सगळे धरले जाते, हे अवयवीचे लक्षण असेल, तर काळाच्या ओघात जुन्याने नव्याला धरणे हे ‘तेच’पणाचे लक्षण मानता येईल. प्रत्यक्ष काम याच नियमाने चालते. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आतून पोलादी नळ्या तात्पुरत्या वेल्ड कराव्या लागतात, कारण सिल गेली की गाडी मध्येच खचते, चौकट तिरपी होते, आणि त्या खचलेल्या स्थितीत नवी सिल जोडली तर दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. नळ्या जोडल्यावर दार मिटून त्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत मोजतात आणि आकडे लिहून ठेवतात. मग ठिपक्यांचे वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, गंजका पत्रा जिथे संपतो आणि स्वच्छ, चकाकणारे पोलाद जिथे लागते तिथपर्यंतच कापायचे, त्याच्या पुढे नाही, आणि नवा तुकडा त्या जुन्या कडेला सांधायचा. सांधताना एका दमात लांब वेल्ड घेतला तर पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून इथे एक ठिपका, वीतभर अंतरावर दुसरा, असे करत कड हळूहळू भरत आणायची. नव्या सिलने कुठे बसायचे हे जुन्या खांबाने ठरवलेले असते. पुढच्या वर्षी तो खांब बदलावा लागला तर त्याची जागा ही आता जुनी झालेली सिल ठरवते. असे होत होत एक दिवस मूळचा एकही तुकडा उरला नाही तरी साखळी कुठे तुटलेली नसते, कारण प्रत्येक नव्या तुकड्याला कोणीतरी जुन्याने हाताशी धरून जागेवर बसवलेले असते.

ज्या देशात ही गाडी बनली त्या देशाने या प्रश्नाची दोन थोर उत्तरे लाकडात दिलेली आहेत. इसेच्या महामंदिरातील मुख्य वास्तू दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर संपूर्ण नव्या हिनोकी लाकडाने पुन्हा बांधतात आणि देवतेला समारंभाने तिथे नेतात. ही प्रथा इसवी सन 690 पासूनची मानली जाते, मधल्या युद्धकाळात ती शतकाहून अधिक काळ खंडित झाली होती, आणि 2013 मध्ये बासष्टावे पुनर्निर्माण झाले. दुसरे उत्तर नाराजवळच्या होर्यूजी विहाराचे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणल्या जाणाऱ्या त्या वास्तू सुतार सांध्यांपासून उकलतात, आणि खांबाचा तळ कुजला असेल तर कुजका भाग तेवढा कापून त्याला नव्या लाकडाचा पाय जोडतात. या जोडकामाला तिथे नेत्सुगी, म्हणजे मुळाचा सांधा, म्हणतात. वारसावास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेचा भर मूळ सामग्री जपण्यावर होता, आणि 1994 मध्ये नारा येथे झालेल्या परिषदेने अस्सलपणाचा निर्णय त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात करावा असे मांडले. गॅरेजमधले काम उघडच होर्यूजीच्या बाजूचे आहे. परंतु इसेलाही धारण नाही असे म्हणता येत नाही. जुनी वास्तू उभी असतानाच तिच्या शेजारी नवी उभी राहते, आणि वीस वर्षांच्या अंतरामुळे मागच्या खेपेला उमेदवारी केलेला सुतार या खेपेला कसबी कारागीर म्हणून हजर असतो. तिथे जुने लाकूड नव्याला धरत नाही, जुना हात नव्या हाताला धरतो.

याच कसोटीवर एक कठीण प्रकरण तपासता येते. 240 झेडच्या एंजिनाच्या कप्प्यात मागच्या पोलादी भिंतीवर चासी क्रमांक ठोकलेला असतो, आणि शेजारच्या पट्टीवर तो क्रमांक एंजिनाच्या क्रमांकासह पुन्हा कोरलेला असतो. एखादी गाडी पार सडून गेली, आणि कोणी तिचा क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा कापून दुसऱ्या, बऱ्या अवस्थेतल्या सांगाड्यावर जोडला, तर कागदोपत्री ती पहिलीच गाडी होते. वरवर पाहता परंपरेत याला आधार सापडेल असे वाटते. जगन्नाथपुरीच्या नवकलेवर विधीत, जो 2015 मध्ये झाला, देवतांच्या जुन्या काष्ठमूर्तींतील, ब्रह्मपदार्थ म्हणून ओळखली जाणारी गुप्त वस्तू नव्या मूर्तींत ठेवली जाते, आणि देव तोच राहतो. मग क्रमांकाचा तुकडा हाच गाडीचा ब्रह्मपदार्थ का मानू नये? फरक असा की पुरीत जुने शरीर गेले आणि नवे आले हे सर्वांना ठाऊक असते; नेमका क्षण गुप्त असला तरी घटना जाहीर असते, आणि अवघ्या समाजाची श्रद्धा तिला धारण करून असते. क्रमांकाची अदलाबदल मात्र लपली तरच चालते. तिथे जुन्या गाडीने नव्या गाडीतल्या एकाही सांध्याला जागा दाखवलेली नसते, एकही फट मोजून दिलेली नसते. फक्त नाव उचलून दुसऱ्या देहावर ठेवलेले असते. नागसेनाचे म्हणणे, की नाव हा व्यवहार आहे, इथे पुरेपूर खरे ठरते, आणि म्हणूनच त्या व्यवहारात खोटेपणाला जागा होते. नाव हे वस्तूचे सत्त्व नसेल, पण ते वापरणाऱ्याने समोरच्याला दिलेला शब्द असते. दुरुस्तीची वही ठेवणे, काय कापले, काय नवे घातले, एंजिन कुठून आले, हे छायाचित्रांसह नोंदवणे आणि पुढच्या मालकाच्या हाती देणे, हे त्या शब्दाला जागणे आहे.

सतराव्या शतकातल्या हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने या सर्वांवर एक पेच टाकून ठेवला आहे. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर मूळचे जहाज कोणते? धारणाच्या कसोटीवर उत्तर स्पष्ट आहे: जे एक दिवसही मोडले नाही ते. जुन्या फळ्या मधल्या काळात कोणाला धरून नव्हत्या, कोणी त्यांना धरून नव्हते. तरी त्या पेचातली हळहळ खरी आहे, आणि ती इसेने ओळखली. तिथे उतरवलेल्या मुख्य वास्तूंच्या आढ्याचा भार पेलणारे खांब उजी पुलाच्या दोन टोकांना तोरी, म्हणजे प्रवेशाची कमान, म्हणून उभे राहतात, आणि वीस वर्षांनी तिथूनही पुढे दुसऱ्या गावच्या वेशीवर जातात.

गंजक्या फ्लोअरच्या पत्र्याला असे दुसरे आयुष्य नसते. त्यावरचे डांबराचे थर उणे 78 अंशांच्या कोरड्या बर्फाने गोठवून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी काचेसारखे फोडून काढले की खाली चाळण झालेला पत्रा दिसतो, आणि कापून बाहेर काढल्यावर तो भंगारातच जायचा असतो. पण भंगारात टाकण्यापूर्वी त्याला एक काम उरलेले असते. तो नव्या, सपाट पत्र्यावर ठेवला जातो, आणि अणकुचीदार सुईने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली जाते, म्हणजे नवा तुकडा कुठे कापायचा आणि कुठे वळवायचा हे कळावे. जिथे जुनी कड गंजाने खाऊन टाकलेली असते तिथे सुईला टेकायला काही उरत नाही. तेवढी रेघ गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या, अजून शाबूत असलेल्या पत्र्यावरून पुठ्ठ्यावर उतरवून, तो पुठ्ठा उलटा करून घ्यावी लागते.